‘हार्मोन बायकायले असते’

भाऊ फवारणीचं औषध बादलीत ओतायचे, बाही वर सारायचे आणि उघड्या हाताने ढवळायचे. मग ओला हात गिऱ्हाइकापुढे धरून म्हणायचे, “हे पाह्य. होते का काई?”

गिऱ्हाईक बिचारं हातमोजे मागायला आलेलं असायचं. लाजून तसंच परत जायचं.

असा एखादा दुकानदार तुमच्याही पाहण्यात असेल. आमचे दारव्ह्याच्या बाजारातले. त्यांच्या दुकानामागच्या खोलीत भाड्याने राहून, त्यांच्याच घरी जेवून मी कॉलेज करत होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मीच पहिली. वर्गात काही नवं कळलं की कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवायचं नाही, आणि सांगताना जीभ अडखळायची.

औषधाचा रिकामा कॅन धुऊन भाऊ त्यात पिण्याचं पाणी भरायचे. “साबण लावला ना वं! काई होत नाई.” टपरीवरचा उकळता चहा प्लॅस्टिकच्या पातळ पिशवीत यायचा आणि गाठ मारून खिळ्याला लोंबकळायचा. त्यांच्या बायकोने, वहिनींनी, एकदा स्टीलची किटली दिली. भाऊंनी तिच्यात सुतळी ठेवली.

लग्नाला बरीच वर्षं होऊनही त्यांना मूल नव्हतं. भाऊंच्या आईने दिग्रसकडची दुसरी मुलगी हेरून ठेवली होती, आणि वहिनींसमोरच गहू निवडत ती त्या मुलीच्या रंगाचं कौतुक करायची. वहिनींच्या सगळ्या तपासण्या झाल्या होत्या. कशातच दोष निघाला नव्हता. भाऊ म्हणायचे, “डॉक्टर बदलून पाहू.”

शेवटी एकदा मी धीर केला. “भाऊ, ही औषधं... काही प्लॅस्टिकमधलं रसायनसुद्धा... अंगात गेलं की हार्मोनचं काम बिघडवू शकतं. म्हणजे... पुरुषांचंही.”

दुकानात चारचौघे बसले होते. भाऊंनी त्यांच्याकडे पाहून घेतलं. “हार्मोन बायकायले असते, पोरी. माणसाले ताकद असते!”

दुकान हसलं. आतल्या दारात उभ्या वहिनी हसल्या नाहीत.

रात्री जेवताना त्या एवढंच म्हणाल्या, “सोमवारी यवतमाळले चाला. आता तुमची तपासणी. नाई तं आणा ते दिग्रसची. वर्षभरानं तिलेबी त्याच डॉक्टरकडे पाठवान.”

सोबतीला मला घेतलं. एसटीत भेटेल त्याला भाऊ “कंपनीची मिटिंग आहे” म्हणून सांगत होते. मिटिंगला बायको कशाला, हे कुणी विचारलं नाही, हे त्यांचं नशीब.

दवाखान्यात सिस्टरने प्लॅस्टिकची लहानशी डबी हातात दिली. भाऊंनी ती उलटीसुलटी करून पाहिली आणि हळूच विचारलं, “याच्यानं काई होत तं नाई ना?”

रिपोर्ट पाहून डॉक्टर म्हणाले, “शुक्राणू फार कमी आहेत. नेमकं कशानं, ते आज सांगता येणार नाही. पण औषधात हात घालणं आधी बंद करा. उपचार करून पाहू.” भाऊ मान खाली घालून टेबलाचा कोपरा नखाने खरवडत राहिले.

घरी आई दारातच बसलेली. “काय म्हणते डॉक्टर?”

बाजारभर ऐकू जाणारा भाऊंचा आवाज त्या दिवशी मला मागे उभं राहूनही नीट ऐकू आला नाही. “इचं समदं बराबर आहे.”

“मंग?”

भाऊ वाकून इकडेतिकडे चपला शोधू लागले.

चपला पायातच होत्या.