मागे धावणारी लॉरी

खरं सांगतो, त्या काळी माझा देवावर विश्वास होता, पण त्याहून थोडा जास्त इंजिनावर होता. कामरगावात माझी भाजी वाहायची जुनी लॉरी होती. चढ आला की वांग्यांच्या पाट्या उतरवून डोक्यावर न्याव्या लागत. म्हणून बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीचं दांडगं इंजिन आणून मी आणि मिस्त्रीनं तिच्या पोटात बसवलं. नारळ फोडला, मी ऐटीत बसून गिअर टाकला, आणि साऱ्या गावासमोर लॉरी मागे धावली! इंजिन उलटं फिरणारं निघालं. गिरणीत पट्ट्याला पीळ दिला की जातं सुलटं फिरतं. लॉरीत पट्टा कुठला? मागे जायचा गिअर टाकून पुढे न्यावी म्हटलं, तर नव्या जोरानं तो पहिल्याच झटक्यात तुटला. आता लॉरी जाणार ती फक्त मागेच.

गाव पोट धरून हसत असताना माझ्या घरून सुईण धावत आली. "बापू, पोर आडवं आलं. कारंज्याच्या दवाखान्यात न्या, नाही तं दोघंबी जातीन!"

बैलगाडी वेळेत पोचली नसती. बायकोला लॉरीत गवतावर निजवलं, सुईण उशाशी बसली. मी स्टेअरिंगचं चाक धरलं खरं, पण मान मागे वळवली की लॉरी नाल्याकडे सरकायची. माझी सगळी ऐट घामातून वाहून गेली. "देवा दत्ता, माझी अक्कल संपली," एवढंच म्हणालो.

गंमत बघायला थांबलेला एक अनोळखी मेंढपाळ मागच्या फळीवर चढला.

"काहून मांगं पाहून राह्यला? तू चाक धर. मांगचं मी पाहतो."

"अन् चुकलं तं?"

"तं तुह्यासंगं मीबी मरीन. चाल!"

मेंढरं हाकून कमावलेला त्याचा आवाज इंजिनाच्याही वर चढत होता. "निंबाकडं घे!" "थांब, म्हैस हाय!" मी एकदाही वळून पाहिलं नाही. आयुष्यात इतका आज्ञाधारक मी कधीच नव्हतो.

दवाखान्याच्या दारात बायकोला उतरवून आत नेलं. मी हात जोडायला वळलो, तर फळी रिकामी.

दिवस मावळायच्या आत बाळाचं रडणं ऐकू आलं. दोघी सुखरूप होत्या. बायको थकलेल्या आवाजात म्हणाली, "आवो, बाप उलटा आला, पण पोरगी सुलटी आली!" मी हसता हसता रडलो.

आपल्याला दिसत नसेल, तेव्हा ज्याला दिसतं त्याचं ऐकावं आणि चाक सोडू नये, इतकंच मला त्या दिवशी कळलं. तो कोण होता, हे मी शोधत बसलो नाही. मेंढपाळ असेल, तर देव त्याचं भलं करो. आणि दुसरा कोणी असेल, तर माझं भलं करायची त्याला सवयच आहे.