राखेचा रंग विचारणारे मामा

लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या कांड्यांवर, म्हणजे पेलेटवर, चालणाऱ्या शेगडीची हवेची भोकं मी स्वतःच्या हाताने मातीने लिंपली. भोकांतून आच फुकट जाते, चूल लिंपतात तशी हीही लिंपावी, एवढाच माझा शहाणपणा. दुसऱ्या दिवसापासून लांजातल्या आमच्या खानावळीत भाताला धुराचा वास येऊ लागला, नेहमीचे शिक्षक आणि कारकून एकेक करून समोरच्या हॉटेलात दिसू लागले आणि बायकोने बजावलं, रविवारपर्यंत धूर थांबला नाही तर शेगडी भंगारात. मी लिंपण्याबद्दल अवाक्षर न काढता दोष पेलेटवर ढकलला. तिने मामांना बोलावलं.

बायकोच्या या मामांपासून जगातल्या कुठल्याही राखेला आजवर काही लपवता आलेलं नाही. लोटे गावच्या कंपनीत त्यांनी बॉयलरसमोर जन्म घालवला. लग्नघरी गेले की नवऱ्यामुलाआधी आचाऱ्याची चूल बघणार. हेदवीला गणपतीपुढे हात जोडून झाल्यावर उदबत्तीची राख चिमटीत धरून पुजाऱ्याला म्हणाले, डबा दमट जागी ठेवता. तो खरंच मोरीच्या भिंतीला होता. राखेवर बोलताना त्यांचा आवाज इतका खाली येतो की ऐकणाऱ्याला गोड पेंग यावी. करडी, पिठासारखी असली तर आग पोटभर जेवली. खडे धरले तर पेलेटमध्ये माती. काळी पडली तर आग गुदमरली.

आमची राख त्यांनी तळहातावर घेऊन दारातल्या उन्हाकडे धरली. कौलांतून उतरलेल्या तिरप्या उन्हात धूर तरंगत होता; खाडीवर धुकं उतरावं तशी आमची बाकं त्यात बुडत चालली होती. मग त्यांनी हळूच विचारलं, "जावईबापू, रंग कसा दिसतोय?"

मामांच्या डोळ्यांत मोतीबिंदू इतका वाढलाय, हे मला तेव्हा कळलं. खोटं बोलायची एवढी चांगली सोय पुन्हा मिळायची नव्हती. 'करडी' म्हणायला तोंड उघडलंही होतं. पण तो तळहात इतक्या विश्वासाने पुढे आला होता.

"काळी," मी म्हणालो. "काजळासारखी. भोकं मी लिंपली."

त्यांनी खिळा मागून घेतला आणि बोटांनी चाचपत एकेक भोक मोकळं केलं.

रविवारी भाताला फक्त भाताचा वास होता. मी थंड राख त्यांच्या हातावर ठेवली आणि रंग सांगू लागलो: करडी, मध्येच पांढुरकी, कबुतराच्या पोटासारखी. ते डोळे मिटून बोटांत राख चोळत ऐकत राहिले, जणू लांबच्या गावची खुशाली. मग हात झटकून भाचीला म्हणाले,

"बाये, शेगडीची भोकं झाली मोकळी. आता ह्यांच्या डोक्याची तेवढी बघ."