दोन वाजता मागे

मेरिगल गावात डल्सी हॅरपला पाठीमागे 'दोनबाई' म्हणतात. तोंडावर म्हणायची छाती अजून कुणाची झालेली नाही. तिला हे ठाऊक आहे, आणि खरं सांगायचं तर मनातून आवडतंही. आयुष्यभर तिनं शाळेची बस चालवली. गेली तीस वर्षं ती गावातल्या डोंगरभटक्या मंडळाच्या सहली आखते आहे. बसमध्ये उभं राहणाऱ्या पोराकडे ती आरशातून जशी बघायची, तशीच आता साठीतल्या पेन्शनरांकडे बघते, आणि ते बिचारे खाली बसतातसुद्धा.

तिच्या नियमांची यादी तोंडपाठ नसेल तर डोंगरावर पाऊल टाकायचं नाही. कोण कोण जाणार, कुठल्या वाटेनं, परत कधी, हा कागद तिच्या बहिणीकडे द्यायचा. संध्याकाळी आठपर्यंत फोन आला नाही तर बहीण पोलिसांना कळवणार. बूट ब्रशनं घासायचे, खालच्या कुरणातलं तण वर न्यायचं नाही. शेवाळाच्या दलदलीत पाय घालायचा नाही, फेरा पडला तरी चालेल. आणि खुरपी! ओढ्यापासून शंभर पावलं लांब, वीतभर खोल खड्डा, कागद परत पिशवीत. एका बँक मॅनेजरनं पन्नासच पावलं मोजली, तर हिनं त्याला झाडामागून परत बोलावलं. बिचारा एका हातानं पँट आणि दुसऱ्या हातानं अब्रू सावरत उरलेली पन्नास मोजत गेला.

पण सगळ्या नियमांचा बाप म्हणजे, दुपारी दोन वाजता मागे फिरायचं. जिथं असाल तिथून. ग्रेम टिंडल, आपला औषधांच्या दुकानाचा, एकदा डिसेंबरात शिखरापासून दोनशे पावलांवर होता. "डल्सी, ते बघ, दिसतंय!" म्हणून त्यानं फार गळ घातली. डल्सीनं त्याला फिरवलं, आणि वाद घातला म्हणून पुढचे सहा महिने मंडळाची खुरपी त्याच्याच सॅकला लटकवली. तेव्हापासून ग्रेम जगातल्या प्रत्येकाची चूक काढतो, फक्त डल्सीची सोडून.

हे शेवटचं डल्सीच्या ध्यानात असायला हवं होतं. नव्हतं, आणि तिथंच सगळं फसलं.

झालं असं की वॉली प्रेंटिसचं घर विकलं गेलं. वॉली सुतार, वय एक्क्याऐंशी, मंडळातला सगळ्यात जुना गडी. मुलगी त्याला येत्या गुरुवारी ॲडलेडला घेऊन जाणार होती, कायमची. तिथं डोंगर नाही, नुसता सपाट समुद्रकिनारा आणि दुसऱ्या मजल्यावरची खोली. वॉलीचं मागणं एकच होतं. वीस वर्षांपूर्वीच्या वणव्यात वरची केल्सोची खोपी, भटक्यांचा निवारा, जळून गेली होती, ती मंडळानं पुन्हा उभारली, आणि तिचं दार वॉलीनं स्वतःच्या हातानं केलं होतं. "माझं दार नीट लागतं का, तेवढं एकदा बघून येतो," तो म्हणाला. "मग न्या मला कुठं न्यायचं तिथं."

मुलगी नको म्हणाली, कमिटी नको म्हणाली. डल्सी म्हणाली, "मी नेते." आणि कागदावर सही ठोकली.

मग घरी येऊन स्वयंपाकघरातल्या टेबलावर नकाशा पसरून गणित मांडलं. वॉलीच्या चालीनं दोन वाजता खोपी अजून वीस मिनिटं लांब राहत होती. कसंही फिरवून मांडलं तरी तेवढीच.

आता डल्सीचं एक गुपित होतं, तिच्या बहिणीलाही न सांगितलेलं. दोनचा नियम तिनं केला होता जून महिन्यासाठी. जूनमध्ये, म्हणजे इथल्या ऐन हिवाळ्यात, सूर्य पाचलाच बुडतो. बाकी वर्षभर त्या नियमात वेळ शिल्लक राहतो, एप्रिलमध्येसुद्धा चांगला तासभर. पण सांगायचं कुणाला? नियमाला फट आहे म्हटलं की माणसं त्यात आधी बोट घालतात, मग पाय, मग हेलिकॉप्टर बोलवावं लागतं. नियम अभंगच दिसायला हवा, आणि वॉलीही पोचायला हवा.

कॅलेंडर बघताना तिला युक्ती सुचली आणि ती एकटीच खुदकन हसली. एप्रिलचा पहिला रविवार! उन्हाळ्यापुरती तासभर पुढे केलेली वेळ संपते, शनिवारी रात्री इथली सगळी घड्याळं एक तास मागे जातात. आपण आपलं घड्याळ बदलायचंच नाही. दोन वाजले की "फिरा" म्हणून ओरडायचं. तो सर्वज्ञ ग्रेम लगेच नाक वर करून म्हणणार, "डल्सी, खरं म्हणजे आत्ता एकच वाजलाय." मग आपण चिडायचं, पाय आपटायचे, आणि नाइलाजानं पुढे जायचं. वॉली खोपीत पोचेल, आणि नियमाला ओरखडाही येणार नाही. चिडलेला चेहरा तिनं न्हाणीघरातल्या आरशात दोनदा करून पाहिला. छान जमत होता.

शनिवारी संध्याकाळी सगळे पायथ्याच्या तळावर मुक्कामाला आले. वॉली, ग्रेम, त्याची बायको बेव्ह आणि आणखी तिघं. रिवाजाप्रमाणे सगळ्यांचे फोन बंद होऊन बिस्किटांच्या डब्यात गेले, अडीअडचणीला बॅटरी शिल्लक हवी म्हणून. वेळ कळायची ती डल्सीच्या मनगटावरून. सकाळी उजाडताच तिनं शिट्टी फुंकली. वॉलीचं पाणी, डबा, रेनकोट सगळं गुपचूप स्वतःच्या सॅकमध्ये कोंबलं आणि त्याची सॅक मात्र, आयुष्यात पहिल्यांदाच, न तपासता सोडून दिली.

वॉली चढला, पण काय चढला! वीस पावलं चालायचा, थांबायचा, एखाद्या वाकड्या निलगिरीच्या खोडावरून हात फिरवायचा, "हिचं लाकूड काही कामाचं नाही बरं का," असं म्हणून पुन्हा वीस पावलं. एका थांब्यावर काळ्या करावाँग पक्ष्यानं बेव्हच्या सॅकची चेन उघडून केक पळवला, त्यात दहा मिनिटं गेली. डल्सी तोंडानं "सावकाश, सावकाश" म्हणत होती आणि डोळ्यांनी घड्याळ खात होती.

शेवटी माळावर आले. पलीकडच्या टोकाला खोपीचं पत्र्याचं छप्पर चमकत होतं. डल्सीनं घसा साफ केला.

"दोन वाजले! फिरा मागे!"

आणि ती ग्रेमकडे बघत उभी राहिली.

ग्रेमनं एकदा छपराकडे पाहिलं, एक उसासा टाकला, सॅकचा पट्टा आवळला आणि मागे फिरला. त्याच्या मागे बेव्ह फिरली. बाकीचे तिघंही शाळेच्या रांगेसारखे फिरले. कुणी हूं की चूं केलं नाही.

डल्सीच्या तोंडचं पाणी पळालं.

"ग्रेम," ती म्हणाली, "तुला काही म्हणायचंय?"

"नाही बाई."

"माझ्या घड्याळाबद्दल?"

ग्रेमनं वाकून बघितलं. "छान आहे. पट्टा नवीन घेतलास का?"

"काल रात्री तुम्हाला झोप जरा जास्तच झाली नाही का? म्हणजे, तासभर?"

"कसली झोप!" बेव्ह फिस्कारली. "रात्रभर हा नाकानं करवत चालवत होता."

"आज एप्रिलचा पहिला रविवार ना?" डल्सीचा आवाज आता चिरकायला लागला होता.

"अगं बाई, म्हणजे ईस्टर आलाच की!" बेव्ह म्हणाली. "यंदा बन कोण करतंय?" आणि तिथं बनमध्ये मनुका किती घालाव्यात यावर चर्चा सुरू झाली.

"ऊन बघा रे, ऊन! हे काय दोनचं ऊन वाटतंय?"

सगळ्यांनी निमूटपणे वर पाहिलं. "ढग आहेत," ग्रेम म्हणाला. मग जवळ येऊन हळूच म्हणाला, "डल्सी, तू आमची परीक्षा घेतेयस ना? मी नाही फसायचा. सहा महिने खुरपी वाहिलीय मी."

तीस वर्षं घासून घासून माणसं सरळ केली होती, आणि आज एकही वाकडं निघेना. डल्सीला स्वतःच्याच मुस्काटात मारावंसं वाटलं. तेवढ्यात तिची नजर वॉलीकडे गेली. तो पाठ करून एका ओंडक्यावर बसला होता, खोपीच्या दिशेनं तोंड करून. त्याचे खांदे गदगदा हलत होते.

म्हातारा रडत होता. तिच्या नियमापायी.

"खड्ड्यात गेला नियम!" डल्सी किंचाळली. बनची चर्चा जागीच थांबली. "अरे मूर्खांनो, काल रात्री घड्याळं मागे गेली! एकच वाजलाय, एक! एवढं कुणाला आठवू नये?"

ग्रेमनं बोट वर केलं. "पण डल्सी, सूर्याला कुठं घड्याळ कळतं? तो बुडायचा तेव्हाच बुडणार. तूच शिकवलंस आम्हाला."

आता मात्र पळायला वाटच राहिली नाही. डल्सी मटकन खाली बसली आणि तिनं सगळं ओकून टाकलं. जून, पाच वाजता बुडणारा सूर्य, वर्षभर शिल्लक राहणारा तास, सगळं. "तीस वर्षं राखून ठेवला मी तो तास. कुणाला दिला नाही. आज वॉलीला देतेय. झालं समाधान?"

ग्रेमचा चेहरा हळूहळू लाल झाला. "म्हणजे त्या डिसेंबरात... सूर्य साडेआठला बुडत होता... आणि तू मला दोनशे पावलांवरून..."

"तुझ्या टाचांना दोन फोड होते, ग्रेम. ते मी मोजले होते. उतरताना शेवटचे दोन तास तुला कुणी धरून आणलं?"

"मी धरून आणलं," बेव्ह म्हणाली. "आणि फोड तीन होते."

ओंडक्यावरून एक विचित्र आवाज आला. वॉली वळला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण तो थेरडा हसत होता, पोट धरधरून हसत होता. त्यानं खिशातून आपलं जुनं घड्याळ काढून दाखवलं. बरोबर लावलेलं, सव्वा वाजलेले.

"काल जेवणाआधीच बदललं मी," तो म्हणाला. "दर वर्षी तू आम्हाला बदलायला लावतेस, या वर्षी चकार शब्द नाही. तेव्हाच ओळखलं, बाई काहीतरी शिजवतेय. म्हटलं पाच मिनिटांत फुटेल. चांगली तेरा मिनिटं टिकलीस की गं!"

"मेल्या! मला वाटलं तू रडतोयस!"

"बनपर्यंत दम धरला होता. मनुकांपाशी बांध फुटला."

मग सगळे चालले. वॉलीच्या चालीनं का होईना, पण चालले. खोपीच्या दाराशी वॉली एकटा पुढे झाला. त्यानं कडी काढली, ढकललं. दार अर्ध्यात अडलं. खालच्या बाजूनं बर्फाचं पाणी पिऊन फुगलं होतं आणि उंबऱ्याला घासत होतं.

"वाटलंच होतं," वॉली म्हणाला, आणि सॅकमधून रंधा काढला. लोखंडी, दोन किलोचा, आजोबांच्या वेळचा.

डल्सीच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. "ही... ही धोंड घेऊन चढलास तू? म्हणून गोगलगायीसारखा चालत होतास? अरे, तुझं पाणीसुद्धा मी वाहतेय!"

"म्हणून तर जागा झाली," वॉली म्हणाला. "आता आरडाओरडा थांबव आणि दार धर."

बिजागऱ्या सोडवून दार आडवं केलं. ग्रेम एका टोकाला, डल्सी दुसऱ्या. चढताना वीस पावलांवर थांबणारा वॉली आता थांबायचं नावच घेईना. पातळ ढलप्या निघत होत्या. बेव्ह त्या टोपीत गोळा करून जळणाच्या पेटीत ठेवत होती, पुढच्या गारठून येणाऱ्या माणसाला चूल पेटवायला. दार पुन्हा बसवलं. वॉलीनं ते एका बोटानं लोटलं, आणि ते आपलंआपण जाऊन अलगद लागलं. त्यानं उघडलं, पुन्हा लोटलं. पुन्हा लागलं.

डल्सीनं घड्याळाकडे पाहिलं. आता सरळ हिशेब होता, तिच्या घड्याळात तीन म्हणजे खरे दोन. सगळे तिच्याकडे बघत उभे राहिले, सॅका पाठीवर चढवून.

"दोन वाजले, डल्सी," वॉली हळूच म्हणाला.

"मला दिसतंय."

"मग म्हण की. तू म्हटल्याशिवाय हे लोक हलायचे नाहीत."

"नाही म्हणवत मला," डल्सी म्हणाली, आणि तिला भडभडून आलं. सगळ्यांदेखत. "गुरुवारी तू जाणार. मला आवडत नाहीये ते. अजिबात आवडत नाहीये."

"मलाही नाही," वॉली म्हणाला. त्यानं रंधा सॅकमध्ये टाकला, पट्टे ओढले, आणि माळाकडे तोंड करून बसच्या बाईच्या थाटात ओरडला, "चला रे! दोन वाजले! मागे फिरा!"

रांग हलली. डल्सी मात्र दारापाशीच राहिली. तिनं दार उघडलं, एका बोटानं लोटलं, ते लागताना ऐकलं. मग पुन्हा एकदा उघडलं. थोडं पुढे गेलेल्या ग्रेमनं वॉलीचं घड्याळ हातात धरून मागे वळून हाक मारली, "डल्सी! दोन वाजून चार मिनिटं झाली!"

"येतेय म्हटलं ना!" ती ओरडली, आणि तिसऱ्यांदा दार लोटलं.