फिल्टरला ठोकलेलं सील

"वानखेडेनं डिझेल विकून टाकीत पाणी ओतलंय. तेवढं लिहून द्या."

एका आयटी कंपनीचे ट्रान्सपोर्ट मॅनेजर माझ्या वर्कशॉपच्या दारातूनच बोलत होते. आत आले तर शर्टाला ग्रीस लागेल ना! वानखेडे म्हणजे त्यांचा कॅब-ड्रायव्हर, वर्ध्याकडचा. गाडीशेजारी मान खाली घालून उभा होता. माझ्या कागदावर त्याची नोकरी जाणार होती.

"बघितल्याशिवाय लिहीत नाही," मी म्हणालो. स्वारगेटजवळ डिझेल पंप दुरुस्त करण्यात माझी हयात गेली. हा पंप गाडीच्या आत असतो, इंजिनला डिझेल पुरवतो.

पंप खोलला. आत गंज, नॉझल जाम. पाण्याचंच काम. पण टाकी उतरवली, तर तळाला पाणी जेमतेम कपभर. चोरून ओतलं असतं तर चांगलं बादलीभर निघालं असतं.

मग फिल्टर पाहिला. डिझेलमध्ये थोडं पाणी येतंच. ते फिल्टरच्या तळाशी साठतं. खालचा स्क्रू सैल करून ते अधूनमधून सोडून द्यायचं, संपलं. इथे फिल्टर काठोकाठ पाण्यानं भरलेला, आणि स्क्रूला चक्क तार बांधून कंपनीचं सील!

"हे काय?"

"माझी प्रोसेस," साहेब खुलले. "ड्रायव्हर रोज तिथून बाटलीत काढायचे. फ्युएल थेफ्ट! सगळ्या कॅब्जना सील मारलं."

"अहो, ते पाणी काढत होते."

वानखेडे हळूच म्हणाला, "मी सांगतलं होतं जी. साहेब म्हणे, मेल कर. मले कुठं येते मेल?"

माझं डोकंच फिरलं. एवढा शिकलेला माणूस, एकदा बॉनेट उघडून विचारायला काय झालं होतं? कागद ओढला आणि लिहिलं: फिल्टरमधलं पाणी काढू न दिल्याने पंप खराब. ड्रायव्हरचा दोष नाही.

साहेबांनी वाचलं. "वर्डिंग जरा न्यूट्रल करता येईल?"

"येईल. दुसऱ्या वर्कशॉपमध्ये."

ते हसले नाहीत. कागद घडी करून खिशात घातला आणि वानखेडेच्या खांद्यावर हात ठेवला. "ठीक आहे. या वेळी तुला माफ करतो."

"थँक्यू साहेब," वानखेडे म्हणाला. अगदी मनापासून.

महिन्याभरात सगळी सीलं निघाली. फिल्टरमधलं पाणी नियमित काढण्याचं सर्क्युलर आलं, साहेबांच्या सहीचं. त्या कल्पनेबद्दल त्यांचा सत्कारही झाला म्हणे. वानखेडेची नोकरी राहिली. गाडीला काय होतंय हे आधी ती चालवणाऱ्याला विचारावं, एवढंच माझं म्हणणं. त्यासाठी मेल लागत नाही.