बदलीवर न गेलेली झुल्खुमोर

नोर्मुरोदची नोकरी उझबेकिस्तानच्या रेल्वेतली, म्हणून झुल्खुमोरचा संसार कायम बोचक्यात बांधलेला. दर दोन-तीन वर्षांनी नवं स्टेशन, नवं सरकारी घर. प्रत्येक अंगणात ती झेंडू, तेरडा, कॉसमॉस पेरायची. वसंतात बी टाकलं की उन्हाळ्यात फुलं, थंडी पडली की सारं संपलं. सोडून जाताना मागे काही राहायचं नाही.

मुली सासरी गेल्यावर दोघांनी कट्टाकुर्गानला स्वतःचं घर घेतलं. त्या शरदात ती शेजारच्या होसियत आपांकडे गेली.

"आपा, सावकाश फुलणारं काही द्या. आता कुठे जायचं नाहीये."

आपांनी गुलखैऱ्याचं बी दिलं आणि पिओनी नावाच्या फुलझाडाचे काळे, टपोरे दाणे. "गुलखैरा पहिल्या साली नुसता पाला देईल. या पिओनीबयेला फुलायला पाच वर्षं लागतील. वर्षभर तर ती तोंडही दाखवायची नाही. उकरून बघू नकोस."

पुढच्या उन्हाळ्यात गुलखैऱ्याची पानं हातभर झाली. "कोबी लावलास की काय?" नोर्मुरोद म्हणाला. पिओनीच्या वाफ्यात काहीच नव्हतं.

त्यातच त्याची तिरमिझला बदली झाली. झुल्खुमोरने बोचकी काढलीच नाहीत.

"अहो, तुम्ही जा. मी इथेच राहते."

"फुलांपायी नवऱ्याला सोडलं म्हणतील लोक."

"म्हणू देत. आजवर मी तुमच्या मागे आले. आता तुम्ही घरी येत जा."

दोन दिवसांनी तो स्वतःच सामान बांधून निघाला आणि चहाची किटली विसरला. झुल्खुमोर ती घेऊन स्टेशनवर गेली. गाडी हलेपर्यंत दोघं तिरमिझच्या उन्हाबद्दल बोलत राहिली.

घर खायला उठायचं, हे तिने फक्त आपांना सांगितलं. तो महिन्याकाठी यायचा. दुसऱ्या वसंतात पिओनीच्या वाफ्यातून लालसर कोंब वर आले. तो उकिडवा बसून म्हणाला, "एवढंसंच?" पण जाण्याआधी कोंबड्या येऊ नयेत म्हणून त्यानेच भोवती काट्या रोवल्या.

फूल आलं सहाव्या वर्षी. तो पोचला तेव्हा पाकळ्या गळून गेल्या होत्या.

"चार दिवस थांबवता आलं नाही तुला?" तो खरोखरच रागावला.

"मी काय तिला शिट्टी देऊन थांबवू?"

पुढच्या वर्षी त्याने मे महिन्यातच रजा टाकली. फिकट गुलाबी तीन फुलं आली होती. त्याला वाटलं होतं, लाल असतील. तरी सकाळचा चहा-रोटी त्याने वाफ्याशेजारीच मागवली.