झोळीतली मुले

पदव्युत्तर अभ्यासासाठी मी व्यसन हा विषय निवडला, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर दारू होती आणि दारू पिणारे पुरुष होते. दारूबंदी असलेल्या राज्यात माणसे का पितात आणि त्यात कुटुंबाच्या आरोग्याचे काय होते, हे मला मांडायचे होते. पिंपरीला तेव्हा एका मोठ्या कारखान्याचे बांधकाम चालू होते. दूरदूरच्या जिल्ह्यांतली मजूर कुटुंबे एकाच जागी भेटत होती, म्हणून मी ती जागा धरली. सकाळच्या गाडीने पुण्याहून जायचे, छापील प्रश्नावल्या भरायच्या, दुपारच्या गाडीने परतायचे.

महिनाभर प्रत्येक कागदावर एकच उत्तर होते. कोणीच पीत नव्हते. मी सरकारची माणूस आहे, असा सर्वांचा ग्रह झालेला. बायका तर माझीच उलटतपासणी घेत.

"बाई, तुमचे मालक पितात व्हय?"

"माझं लग्न झालेलं नाही."

"मंग बरंय की! घरी बाटली हुडकायला नगं, म्हणून आमच्यात हुडकताय!" आणि डोक्यावर पाट्या घेऊन त्या हसत निघून जात.

मार्गदर्शकांपुढे ठेवण्यासारखे काहीच हाती नव्हते. त्या घालमेलीत मी दिसेल ते टिपू लागले. बाभळींना बांधलेल्या झोळ्यांत तान्ही मुले असत. आया विटा वाहत आणि ती सकाळपासून दुपारपर्यंत झोपून राहत. मी वहीत लिहिले: मुले शांत, प्रकृती ठीक. वैद्यकाची पदवी घेतलेल्या बाईने हे लिहिले, याची मला आजही लाज वाटते.

एका दुपारी गाडी चुकली म्हणून मी तिथेच थांबले. बीडकडची एक तरुण मजूर बाई मुलाला पाजायला आली. मूल तोंड लावी, पण ओढत नसे. मी त्याची पापणी उचलली. सावलीतही बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होती.

"काय देतेस याला?"

"काई नाई. बाळगोळी. समदेच देतेत. माझ्या मायनं बी मला दिली."

गोळी अफूची होती. इतर बायकांसमोरच मी तिला फटकारले: हे विष आहे, आजपासून बंद. तिने ऐकले, आणि तिथेच माझी चूक झाली. अंगवळणी पडलेले मादक द्रव्य एकाएकी तोडले तर मोठ्या माणसाचे काय होते, यावर मी स्वतः चार पाने लिहिली होती. पण व्यसन हा शब्द मी प्रौढांसाठी राखून ठेवला होता.

तीन दिवसांनी गेले, तर तिची झोळी झाडाला नव्हती.

"पोरगं दोन दिस वरडत व्हतं," मुकादम म्हणाला. "ही घडीघडी पाटी टाकून पळायची. मी काम बघू का पाळणा हलवू? दिली काढून."

कासारवाडीला रुळांजवळच्या एका पालात ती सापडली. मूल घामाने भिजले होते, शिंकत होते, अंग ताणून रडत होते. जुलाब थांबत नव्हते. तिने मला शिवी दिली नाही. दिली असती तर बरे झाले असते.

"तुमीच म्हणलात बंद कर. केलं. आता सांगा."

"पुण्याला इस्पितळात चल."

"तिथं ठिवून घेतील. माझी थोरली कुणाजवळ टाकू? तिचा बाप घाटात कामाला हाय."

शेवटी मीच तिला गोळी काढायला लावली. नेहमीपेक्षा कमी, माझ्यासमोर, दुधात उगाळून. मग मुलाच्या छातीवर डोळे लावून मी बसले आणि संध्याकाळपर्यंत श्वास मोजत राहिले. पुढे दर दोन-तीन दिवसांनी जाऊन मी ती मात्रा उतरवत नेली. मूल निवले तसे मुकादमाने तिला परत कामावर घेतले. माझ्या प्रश्नावलीत यातले काहीही लिहायला रकाना नव्हता.

गोळी पूर्ण थांबल्यावर एका सकाळी ते मूल जागे झाले आणि भुकेने रडले, खणखणीत. आईने पाटी खाली ठेवली. मुकादम बांधकामाच्या परांचीवरून ओरडला, "आली का परत ती भानगड?"

ती मुलाला घेऊन बसली. ते इतक्या जोराने ओढत होते की तिने ओठ दाबले.

"बाई," माझ्याकडे न पाहता ती म्हणाली, "त्याला सांगा, पितंय म्हणून."

मी परांचीवर चढले. मुकादमाला नेमके काय सांगायचे, ते मला अजून ठरवायचे होते.