तुळशीबाईची गाडीवाट

तू लिही बाळा, मी बोलते तसंच लिही.

तुळशीबाई आमच्या शेताशेजारची. नवरा वारला तेव्हा तिच्याजवळ एक लेक, एक बैलगाडी अन् आमच्या केळीच्या मळ्यामागं तुकडाभर जमीन, एवढंच. तिथं जायला गाडीवाट एकच, ती आमच्या मळ्यातून. तिच्या सासऱ्यापासून चालत आलेली. आमचं कुंपण तेव्हा बाभळीच्या काट्यांचं. तिनं काटी बाजूला ओढायची, गाडी घालायची, काटी परत लावायची. ना तिनं कधी विचारलं, ना आम्ही कधी अडवलं.

साठ-एकसष्ट साल असंल. रानडुकरांनी केळी लोळवली. माझे मोठे जेठ, म्हणजे थोरले दीर, हिंमतराव, त्यांना सारे नाना म्हणत. ते म्हणाले, आता तारेचंच कुंपण करू. आपली जमीन काळी, खांब नुसता पुरला तर पावसात कलंडतो. म्हणून परमिटावर सिमेंट आणलं, लोखंडी खांब आणले, भटू गवंडी बोलावला. अन् मजुरीला कोण? तुळशीबाईच. खडी, वाळू, सिमेंट कालवायचं, घमेलं डोक्यावर न्यायचं. भटू खांब धरून ओळंबा बघायचा, ही माल ओतायची.

मी भाकरी घेऊन गेले तर काम तिच्या वाटेपाशी आलेलं. वाटेच्या मधोमध खड्डा! नानांच्या मनात काही काळंबेरं नव्हतं गं. सरळ दोरी लावली, दोरीवर खड्डे घेतले, झालं.

तुळशीनं घमेलं खाली ठेवलं अन् त्या खड्ड्यात उतरली. गुडघे आत गेले.

"काय करी ऱ्हायनी वं, तुळशे?" नाना म्हणाले.

"माल वता, नाना. मीच खांब."

भटूला हसू आलं. "खांब हालत नही, तुळशीबाई. तू हाली ऱ्हायनी."

"मन्ही गाडी कोठून जाई ते सांगा. मंग नही हालाव."

"डोकावर ली जाय!" नाना चिडले.

"घमेलं ली जास डोकावर. गाडी कसी ली जासू?"

नाना म्हणाले, नदीकडून जा. नदीकडून म्हणजे ती घळ, तिथं बैल उतरंल, गाडी नाही. हे नानांनाही माहीत होतं. मी डोक्यावर पदर घेऊन बांधावर उभी. जेठापुढं बोलायची रीत नव्हती. टोपलं हातातच राहिलं.

अन् इकडं माल उन्हात पडलेला. घट्ट होऊ नये म्हणून भटू फावड्यानं सारखा हलवत होता. "नाना, ऊन शे. माल बसी जाई. काय ते लवकर सांगा."

नाना मालाकडं बघत राहिले, मग तिच्याकडं. शेवटी म्हणाले, "कितली जागा लागस तुन्ही गाडीले?"

"माले काय ठाऊक? गाडीच आनस."

कालवलेला माल भटूनं पुढच्या खड्ड्यात ओतून टाकला. तुळशी वर आली, मधला खड्डा बुजवला, गाडी जुंपून आणून वाटेत उभी केली. मग चाकांच्या दोन्ही अंगाला जरा जागा सोडून नवे खड्डे खणले, गाडी मधे ठेवूनच खांब रोवले. बैल आपले रवंथ करताहेत. नाना पुटपुटले, "गाडीवर कुंपन मोजी ऱ्हायनूत आम्ही." तेवढ्या दोन खांबांमधे तार ओढलीच नाही. तिथं काटीच राहिली.

काट्यांच्या कुंपणात सगळं न बोलता चालायचं बघ. सिमेंट आलं तेव्हा कुणाला तरी बोलावंच लागलं, अन् बोलायची पाळी आली ती तिच्यावर. त्या वर्षी नानांनी तिला केळी तोडायला बोलावलं नाही. दुसऱ्या वर्षी बोलावलं.

सिमेंटला काही दिवस पाणी पाजावं लागतं. ती त्या दोन खांबांना पाणी घालत होती तेव्हा मी विचारलं, "तुळशे, अन् नाना भटूले खरंच वत म्हनता तं?"

"तं काय! निंघी येतू बाहेर." घागर टेकवून ती हसली. "पाय तं लटलट कापी ऱ्हायंतात, शोभा. पन खड्डामा कोनले दिसस?"